घरी शहाणी, मैदानात सैरभैर: तरुण कुत्रीला ऑबिडियन्स (आज्ञापालन) स्पर्धेसाठी तयार करताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टिल्ली ही ११ महिन्यांची लॅब्रेडोर, पुण्यातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये हील (पायालगत चालणं), सिट, डाउन (आडवं होणं), स्टे (सांगितलेल्या जागी थांबणं) सगळं चोख करते. क्लासच्या सराव स्पर्धेत मात्र दहा पावलांत तिचं नाक गवतात गेलं. स्टेमध्ये शेजारच्या जर्मन शेफर्डला त्याच्या मालकाने हाक मारली आणि ही उठली. रिकॉलला, म्हणजे हाक मारल्यावर, तुमच्याकडे येता येता ती चहाच्या टेबलाकडे वळली. डिसेंबरच्या डॉग शोमध्ये तिचं नाव घालायचंय, हातात तीन महिने आहेत, आणि ओळखीतल्या एकाने काटेरी कॉलर लावायला सांगितलंय.

कॉलरचं शेवटी बोलू. आधी हे लक्षात घ्या की तुम्ही एक तक्रार म्हणून लिहिलेल्या या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. गवतातलं नाक म्हणजे वास. स्टे मोडणं म्हणजे दुसऱ्या कुत्र्याची हालचाल, शिवाय 'कम' हा शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकू येणं. चहाचं टेबल म्हणजे माणसं आणि बिस्किटं. तिन्हींवर 'फोकस वाढवा' हा एकच उपाय सांगणारे पुष्कळ भेटतील, पण तरुण कुत्रं अशा ढोबळ सरावातून काहीच शिकत नाही. ज्याचा त्रास होतो ते वेगळं काढायचं, लहान करायचं, त्यात तिला जिंकू द्यायचं आणि मग पुढचं घ्यायचं. एवढंच काम आहे, फक्त ते कंटाळवाणं आहे.

वयाचा मुद्दा आधी संपवते. कुत्र्यांचं किशोरवय हे मालकांनी काढलेलं निमित्त नाही. ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली मार्गदर्शक कुत्र्यांच्या पिल्लांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. लॅब्रेडोर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड आणि त्यांच्या संकरातली ही पिल्लं. पाच महिन्यांची असताना सांभाळणाऱ्याने 'सिट' म्हटलं की ती जितकी ऐकत, तितकी आठ महिन्यांची झाल्यावर ऐकत नव्हती. गंमत अशी की अनोळखी माणसाचं ऐकणं त्यांनी कमी केलं नव्हतं. म्हणजे बंड होतं ते घरच्या माणसापुरतं. ही अवस्था ओसरते. टिल्ली त्यातून बाहेर पडत असेल किंवा तिचा पहिला माज जवळ आला असेल. लॅब्रेडोरमध्ये तो साधारण सहा महिन्यांपासून सव्वा-दीड वर्षापर्यंत कधीही येतो. माजाच्या आधीचे काही दिवस चांगली शिकलेली कुत्रीही हरवल्यासारखी वागते, सारखी लघवीच्या खुणा हुंगत बसते. त्या दिवसांत सराव हलका ठेवा आणि निष्कर्ष काढू नका. स्पर्धेची तारीख माजात आली तर काय, हे आयोजकांना आधीच विचारून ठेवा. अमेरिकन केनेल क्लब या कुत्र्यांच्या नोंदणी आणि स्पर्धांच्या संस्थेच्या ऑबिडियन्स स्पर्धांत माजावरच्या कुत्रीला प्रवेशच नसतो.

आता मूळ कारणाकडे. लाळेच्या प्रयोगांमुळे सगळ्यांना माहीत असलेल्या पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेत एक अडचण वारंवार यायची. सहकारी एखादी नवी सवय कुत्र्यात नीट बसवायचा, मोठ्या उत्साहाने पाहुण्यांना दाखवायला बोलवायचा, आणि पाहुणे खोलीत आले की प्रयोग फसायचा. घंटा वाजली तरी लाळ नाही. पावलोव्हनी त्यातून दोन गोष्टी टिपल्या. नवं काही दिसलं की प्राणी आधी तिकडे वळतो, 'हे काय आहे?' हे तपासतो, आणि तेवढा वेळ नुकतंच शिकलेलं काम दबलेलं राहतं. दुसरं म्हणजे, सवय जितकी ताजी तितकी ती लवकर दबते. तुमच्या सराव स्पर्धेत नेमकं हेच झालं. टिल्लीने तुमचा अपमान केलेला नाही, तिने पाहुणे पाहिले.

म्हणून माझ्या क्लासमध्ये पहिला नियम असा असतो की कुत्र्याने इकडेतिकडे पाहिलं म्हणून त्याला ओरडायचं नाही. पाहू द्यायचं. तुम्ही मोजायचं ते हे, की पाहून झाल्यावर ती स्वतःहून तुमच्याकडे किती वेळात वळते. पट्टा सैल, तुम्ही गप्प, नाव घेणं नाही, चुचकारणं नाही. मान तुमच्याकडे वळली त्या क्षणी 'येस' आणि खाऊ. सुरुवातीला तीस-चाळीस सेकंद लागतील, तुम्हाला ते युगासारखे वाटतील. पण ज्या दिवशी ती समोरचं कुत्रं पाहते आणि दोन सेकंदांत 'पाहिलं, आता?' अशा चेहऱ्याने तुमच्याकडे बघते, त्या दिवशी निम्मं काम झालं. तिच्या दृष्टीने व्यत्यय म्हणजे आता तुमच्याकडे बघण्याची खूण झालेली असते. नाव घेऊन घेऊन लक्ष वेधलेल्या कुत्रीला हे कधीच येत नाही, कारण लक्ष ठेवायचं काम तिच्या वतीने तुम्हीच करत असता.

पण त्याआधी एक तपासणी करा. टिल्लीला ते व्यायाम खरोखर येतात का? बहुतेकांचं उत्तर 'हो' असतं आणि बहुतेकदा ते चूक असतं. घरीच बघा. खुर्चीत बसून, हात खिशात घालून 'डाउन' म्हणा. तिच्याकडे पाठ करून म्हणा. जिन्यात, बाथरूमच्या दारात, रेनकोट घालून म्हणा. पाठ करताच ती गोंधळून उभी राहिली, तर तिला 'डाउन' शब्द येत नाही, तुमच्या खांद्याचा झोक आणि खाऊच्या पिशवीकडे जाणारा हात येतो. पाढे ओळीने म्हणणाऱ्या मुलाला मधूनच 'सात सख्खं?' विचारल्यावर जे होतं, तेच. रिंगमध्ये, म्हणजे स्पर्धेच्या आखलेल्या जागेत, दुसऱ्यांदा आज्ञा दिली की गुण जातात, शरीर हलवून केलेल्या मदतीचेही जातात. तेव्हा हा पाया घरात पक्का होईपर्यंत मैदानावर जाऊन काही मिळणार नाही. आठवडा-दोन आठवडे जातील, जाऊ द्या.

पाया पक्का झाला की जागा बदलत राहायचं. एकाच मैदानावर महिनाभर सराव केलेल्या कुत्र्याला ते एक मैदान येतं. ऑबिडियन्स स्पर्धा अमेरिकेत रुजवणाऱ्या हेलन व्हाइटहाउस वॉकर यांनी १९३३ साली न्यूयॉर्कजवळच्या माउंट किस्को इथे पहिली चाचणी भरवली. त्यांच्या पूडलना लोक नुसती शोभेची कुत्री म्हणत, ते खोडून काढायचं होतं. पुढे १९३७ साली त्या आणि त्यांच्या सहकारी ब्लँच साँडर्स तीन पूडल घेऊन ट्रेलरने देशभर फिरल्या आणि गावोगावच्या शोमध्ये प्रात्यक्षिकं दाखवत गेल्या. रोज नवी जमीन, नवी गर्दी. तुम्हाला ट्रेलरची गरज नाही. शाळा सुटताना फाटकापासून पन्नास मीटरवर, मंडईच्या मागच्या गल्लीत, स्टेशनच्या पार्किंगच्या कडेला, बॅडमिंटन कोर्टाच्या जाळीबाहेर, रविवारी सकाळी टेकडीच्या पायथ्याशी. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं पुरे. त्यातली पहिली पाच नुसतं उभं राहून बघण्यात गेली तरी हरकत नाही.

किती जवळ जायचं? हे कुत्रीच सांगते, तिचं तोंड बघा. सैल उघडं तोंड, हलणारी जीभ म्हणजे ठीक चाललंय. समोर काही दिसल्यावर धाप एकदम थांबली, ओठ मिटले, कपाळावरची कातडी ताणली, की ती काठावर आली. यानंतर साधारण एक-दोन सेकंदांत झेप किंवा भुंकणं येतं, आणि बहुतेक हँडलर (कुत्रं हाताळणारे) नेमके ते दोन सेकंद मोबाइलमध्ये किंवा समोरच्या माणसाशी बोलण्यात घालवतात. दुसरी खूण खाऊ घेण्याची. एरवी ओठांनी अलगद घेणारी कुत्री बोटांवर दात लावू लागली तर दोन-चार मीटर मागे सरका. खाऊच नाकारला, किंवा तोंडात घेऊन टाकून दिला, तर वीस मीटर मागे. लॅब्रेडोर खात नाही म्हणजे परिस्थिती गंभीर आहे, हे वेगळं सांगायला नको. पाचपैकी चार वेळा सहज जमलं तर जवळ जायचं, तीनच वेळा जमलं तर तिथेच थांबायचं, त्याहून कमी तर मागे.

आता तुमच्या तीन तक्रारी.

वासाचं प्रकरण सगळ्यात चिवट. रिंगच्या गवतावर सकाळपासून असंख्य कुत्री चालून गेलेली असतात, कुणी मुतलेलं असतं, कुणाचा खाऊ सांडलेला असतो. तुम्हाला तिथे हिरवं गवत दिसतं, तिला तिथे सकाळपासूनची सगळी हजेरी वाचता येते. हुंगणं बंद करायचा प्रयत्न करू नका, विकत घ्या. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रीमॅक यांनी १९५९ मध्ये मांडलेलं तत्त्व आपल्याकडच्या आया पूर्वीपासून वापरतात: आधी वरणभात, मग आंबा. जे करायची जास्त ओढ, ते कमी ओढीच्या कामाचं बक्षीस होऊ शकतं. तर नव्या मैदानाच्या कडेला आखूड पट्ट्यावर उभं राहा आणि तिला हुंगू द्या. तिने स्वतःहून मान वर केली की खाऊ, दोन पावलं हील, आणि लगेच मोकळ्या आवाजात 'जा, हुंग'. मग चार पावलं, पुन्हा 'जा, हुंग'. हुंगण्याची परवानगी तुमच्याकडून मिळते हे कळलं की चोरून हुंगण्याची निकड कमी होते. काही कुत्री ताणामुळेही हुंगतात. गवतात काहीच नसताना, तुम्ही आज्ञा दिली की लगेच नाक खाली जात असेल, तर तिला काय करायचं ते कळलेलं नाही किंवा तुमचा आवाज तिला जड जातोय. तिथे काम सोपं करा.

सांडलेल्या खाऊसाठी भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात उकडलेलं कोंबडीचं काळीज ठेवा आणि झाकण लावून जमिनीवर ठेवा. दहा फुटांवरून हील करत जा. डब्याकडे मान वळून परत आली की तुमच्या हातातला खाऊ, आणि तो डब्यातल्यापेक्षा कमी दर्जाचा नको. हळूहळू जवळून जा. मग झाकण काढून, पण त्या वेळी डब्याशेजारी मदतनीस उभा हवा, कुत्री झेपावली तर डब्यावर पाय ठेवणारा. त्याने बोलायचं नाही, ओरडायचं नाही, फक्त पाय. यात एकच गोष्ट महत्त्वाची: तिला एकदाही डब्यातलं परस्पर मिळता कामा नये. एकदा मिळालं की ती पुढच्या शंभर वेळा प्रयत्न करेल. तुमचं चहाचं टेबल याच सरावात बसतं. डब्याच्या जागी खुर्चीत बसून बिस्किट खाणारा माणूस आणा, दुसरा येता-जाता 'अले ले, किती गोड' करणारा आणा. हा दुसरा जास्त अवघड असतो. घरच्या पाहुण्यांना आणि सोसायटीच्या वॉचमनला सांगून ठेवा की काही महिने टिल्लीचे लाड तुमच्या परवानगीशिवाय करायचे नाहीत. लॅब्रेडोर बाळगणाऱ्या माणसाला लोकांना शिकवायला कुत्रीला शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

स्टेचं तसंच. वेळ, अंतर आणि व्यत्यय या तीन गोष्टी एकदम वाढवल्या की स्टे मोडतो. एक वाढवली की बाकीच्या दोन कमी करायच्या. शेजारी दुसरं कुत्रं बसवायचं असेल तर तुम्ही टिल्लीच्या पुढ्यात एका पावलावर उभे राहा आणि वेळ दहा सेकंद ठेवा, घरी ती तीन मिनिटं बसत असली तरी. ते कुत्रं वीस फुटांवर, शांत, पट्ट्यावर. मग त्याचा मालक उठेल, चालेल, कुत्र्याला उभं करेल, नेईल. प्रत्येक टप्प्यावर तुम्ही टिल्लीकडे परत जाऊन, तिच्या पंजांच्या मध्ये खाऊ ठेवायचा. फेकायचा नाही, हातातून उंचावर द्यायचा नाही, नाहीतर ती उठून घ्यायला शिकेल.

शेजारच्याच्या 'कम'वर उठण्याचा इलाज वेगळा करावा लागतो. मदतनीसाला तिच्यापासून लांब उभं करून साध्या आवाजात 'कम' म्हणायला सांगा, टिल्ली बसून राहिली की तुम्ही बक्षीस द्या. मग मोठ्याने, मग दुसऱ्या कुत्र्याचं नाव घेऊन, मग ते कुत्रं खरोखर पळत जाताना. शेवटी मदतनीसाने टिल्लीचंच नाव घ्यावं. आणि रिकॉल स्वतः जपून वापरा. तरुण कुत्रीला स्टेमध्ये बसवून दर वेळी बोलावलं की ती बोलावण्याची वाट पाहत कुल्ले उचलू लागते. जितक्यांदा बोलावता, त्याच्या कितीतरी जास्त वेळा परत जाऊन तिथेच बक्षीस द्या. मोडला तर न बोलता त्याच जागेवर आणून बसवा आणि अंतर निम्मं करा. लागोपाठ दोनदा मोडला तर तुम्ही मांडणी चुकीची केलीय. त्या दिवशी काहीतरी सोपं करून थांबा. गटाने करायचा स्टे तज्ज्ञांनाही जड जातो. अमेरिकन केनेल क्लबने २०१८ साली नियम बदलून नोव्हिस (नवख्यांच्या) वर्गातला गटाचा सिट आणि डाउन पट्ट्यावर, हँडलर जवळ असताना करायचा ठरवला. एक कुत्रं मोडलं की बाकीच्यांना धोका, हा विचार त्यामागे होता.

इथे भटक्या कुत्र्यांचं बोललंच पाहिजे, कारण परदेशी व्हिडिओंत त्यांचा उल्लेख नसतो आणि आपल्याकडे त्यांच्यावाचून मैदान नसतं. टिल्ली स्टेमध्ये असताना तीन कुत्री भुंकत धावत आली, तर स्टे रद्द. तुम्ही मध्ये उभं राहायचं, तिला मागे घ्यायचं आणि निघायचं. 'बघू टिकते का' असला प्रयोग करू नका. बसवलेल्या जागी चावा बसला तर तिचा स्टेवरचा विश्वास जातो आणि तो परत आणायला अनेक महिने लागतात, कधीकधी येतही नाही. एक साधी युक्ती आहे. सराव सुरू करण्याआधी, टिल्ली गाडीत असताना, त्या मैदानावरच्या टोळीला लांब कोपऱ्यात बिस्किटं घाला आणि दोन-चार दिवस हेच करा. नंतर ती तुमच्याकडे शत्रू म्हणून बघत नाहीत, आणि तुम्हाला वीस मीटरवर झोपलेली खरीखुरी 'शांत कुत्री' फुकट मिळतात.

आवाजांविषयी थोडंच लिहिते. शोमध्ये लाउडस्पीकर, जनरेटर, मांडवाचं फडफडणारं कापड आणि बाजूच्या रिंगमधल्या टाळ्या असतात. पुण्यात राहणाऱ्याला सराव शोधावा लागत नाही. पावसाळ्यात नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो तेव्हा पुलापलीकडून, ऐकू येईल पण छातीत घुमणार नाही इतक्या अंतरावर, दहा मिनिटं हील करा. नंतर लग्नाचे बँड आहेतच. मोबाइलवरच्या आवाजांनी फार काही साधत नाही, कारण छोट्या स्पीकरमधून ढोलाचा खालचा दणका येतच नाही आणि कुत्र्याला दचकवतो तो दणका. दिवाळीत बाहेरचा सराव पूर्ण बंद. फटाक्याने घाबरलेल्या कुत्रीला नोव्हेंबरभर समजावत बसावं लागतं. पुढे कधी तुम्ही आयजीपीकडे (माग काढणं, आज्ञापालन आणि संरक्षण अशा तीन भागांच्या स्पर्धेकडे) वळलात, तर तिथे ऑबिडियन्सच्या भागात हील चालू असताना ६ मिलिमीटरच्या पिस्तुलाचे दोन बार काढतात. ती फार पुढची गोष्ट आहे, आत्ता त्याचा विचारही नको.

जज आणि स्टुअर्ड (जजचा रिंगमधला मदतनीस) हा तुम्ही न लिहिलेला व्यत्यय. अनोळखी माणूस हातात पॅड घेऊन तुमच्या मागून चालतो, अचानक थांबतो, खणखणीत आवाजात 'फॉरवर्ड', 'अबाउट टर्न', 'हॉल्ट' म्हणतो. सरावात हे कुणीच करत नाही. क्लासमधल्या मित्राला टोपी, गॉगल, छत्री, जमल्यास उडणारी ओढणी घालून हे काम द्या. एक धोका सांगते: काही आठवड्यांनी टिल्ली मित्राच्या 'हॉल्ट'वर स्वतःच बसू लागेल आणि तुम्हाला कौतुक वाटेल. ते थांबवा. अधूनमधून मित्राने 'हॉल्ट' म्हणावं आणि तुम्ही चालत राहावं. तिने तुमच्या पायाकडे लक्ष ठेवायचंय, त्याच्या आवाजाकडे नाही. उभं राहून तपासणीचा व्यायाम असेल तर डोक्याला, खांद्याला, पाठीला हात लावणारी माणसं बदलती ठेवा: पुरुष, बाई, म्हातारे, परफ्यूम मारलेले.

आता ज्याने मला वाटतं टिल्ली खरी बिघडली, ते. घरी तुम्ही बोलता, 'शाब्बास' म्हणता, दर पाच पावलांनी खाऊ देता. सराव स्पर्धेत तुम्ही एकदम गप्प झालात, खिसा रिकामा, चालणं आखडलं, श्वास वर. तिच्या ओळखीचं माणूस गायब झालं. रिंगमध्ये खाऊ नेता येत नाही आणि व्यायाम चालू असताना बोलता येत नाही, हे तिला स्पर्धेच्या दिवशी कळण्यात काय अर्थ? खाऊ खिशातून काढून पंधरा मीटरवर खुर्चीवर डब्यात ठेवा, तिच्यादेखत. रिकाम्या हातांनी तीन पावलं हील, 'येस', आणि दोघांनी पळत जाऊन डबा उघडायचा. मग दहा पावलं, मग एक पूर्ण व्यायाम, मग दोन व्यायाम आणि मध्ये फक्त तोंडी कौतुक. डबा पुढे नजरेआड, गाडीत. बक्षीस कमी होत नाही, लांब जातं, आणि ते नक्की मिळणार आहे यावर तिचा विश्वास बसतो. एकही पायरी गाळू नका. माझ्या मते तीन महिन्यांतला निम्मा वेळ या एका गोष्टीवर घालवला तरी चालेल, आणि बहुतेक लोक यावर पाच टक्केही घालवत नाहीत.

स्वतःचा व्हिडिओ काढायला सांगा. हँडलर घाबरला की पावलं लहान होतात, डावा खांदा कुत्र्याकडे झुकतो, मान खाली जाते. कुत्री त्या झुकलेल्या खांद्यापासून लांब चालते आणि आपण म्हणतो 'लॅग करतेय', म्हणजे मागे राहतेय.

काटेरी कॉलर लावू नका. तुम्ही विचारलंत म्हणून कारण देते. टिल्ली शेजारच्या कुत्र्याकडे बघते, मानेला टोचतं. तुमच्या मते तिला बघण्याची शिक्षा मिळाली. तिच्या मते ते कुत्रं दिसलं की दुखतं. असं काही आठवडे झालं की आज हौसेने बघणारी कुत्री उद्या कुत्र्यांवर गुरगुरू लागते, आणि मग तुमच्याकडे व्यत्ययाची नाही, आक्रमकतेची केस असते. दुसरं व्यवहाराचं: रिंगमध्ये ती कॉलर नसते. अमेरिकन केनेल क्लब स्पर्धेच्या आवारातही ती चालवून घेत नाही. कॉलर मानेत आहे की नाही हे कुत्र्याला नीट कळतं. विजेच्या झटक्याच्या कॉलरबद्दल तर विचारूच नका, वेल्समध्ये त्यांच्यावर २०१० पासून बंदी आहे. सपाट पट्टा आणि लांब दोरी पुरते. दोरी मोडलेल्या रिकॉलसाठी आहे, ओढण्यासाठी नाही: ती चहाकडे वळली तर दोरीवर पाय ठेवा, थांबू द्या, तिच्याजवळ जा, आणि पुढची फेरी टेबलापासून दुप्पट लांब घ्या.

डिसेंबरचं काय? मी असते तर नाव घातलं नसतं. आपल्याकडे शोचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारी असतो, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा संधी आहे. डिसेंबरचा शो व्यत्यय म्हणून वापरा. नाव न घातलेलं कुत्रं बऱ्याच ठिकाणी आत घेत नाहीत, त्यामुळे फाटकाबाहेर, पार्किंगच्या टोकाला उभं राहून वीस मिनिटं बघणं, थोडं हील, आणि घरी. लसी पूर्ण असल्याशिवाय तेही नको, कारण शोच्या गर्दीत पार्वो आणि डिस्टेंपर फिरतात.

नाव घालणारच असाल तर शेवटच्या दहा दिवसांत नवं काही शिकवू नका आणि सराव निम्म्यावर आणा. त्या दिवशी लवकर पोहोचा, सावली धरा, तिला झाकलेल्या क्रेटमध्ये (पिंजऱ्यात) झोपू द्या. सकाळभर सगळ्यांशी खेळवून दमवलं की ती शांत होईल असं वाटतं, प्रत्यक्षात दुपारी रिंगमध्ये तिचा मेंदू रिकामा असतो. पाणी थोडं थोडं. धापा टाकणाऱ्या कुत्र्याला नीट हुंगताही येत नाही आणि ऐकायलाही जड जातं, म्हणून उन्हात उभं करून वाट पाहू नका, रांगेत स्वतः थांबा आणि तिला शेवटच्या पाच मिनिटांत आणायला घरच्या कुणाला तरी सांगून ठेवा. रिंगच्या कडेला तेच करा जे रोज करता: हुंगणं, मान वर, दोन पावलं, 'येस'. आत तिचं लक्ष पूर्ण गेलं आणि दोन व्यायामांत परत आलं नाही, तर जजची परवानगी मागून बाहेर या. कुणी काही म्हणत नाही. बाहेर आल्यावर तिला येणारी एखादी सोपी गोष्ट करून घ्या, डबा उघडा, आणि घरी गेल्यावर नेमकं कुठे, कशामुळे गेलं ते वहीत लिहून ठेवा. पुढच्या महिन्याचा सराव तिथून सुरू होतो.